त्या दिवसांत माझं ऐकू नकोस

९ ऑगस्ट

ताई,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा असतो, पण हल्ली वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा हा उभ्याउभ्याच घे.

अक्षर ओळखलंस ना? फोन केला असता, पण तोंड आलंय. नेहमी येतं तसं नाही. जीभ, हिरड्या, गाल आतून, अगदी घशापर्यंत सगळं सोलून निघालंय. घोटभर पाणी गिळायचं तरी आधी मनाची तयारी करावी लागते. म्हणजे बघ, इतकी वर्षं आपण बोलत नव्हतो, आणि आता बोलावंसं वाटलं तर बोलता येत नाही. हस थोडं, मी पण हसले असते.

सांगून टाकते. मला रक्ताचा कॅन्सर झालाय. दात घासताना रक्त यायचं, पायांवर निळे डाग पडायचे, गाडी शिकणाऱ्यांना घेऊन दोन फेऱ्या मारल्या की धाप लागायची. मला वाटलं वय झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा झपाट्याने वाढणारा प्रकार आहे, पण औषधाला दादही देतो. दोन्ही एकाच दमात म्हणाल्या. मला पहिलंच ऐकू आलं, दुसरं नवऱ्याने घरी आल्यावर सांगितलं.

केमो सुरू झालीय. शिरेतून काय काय जातं, आणि रोज मूठभर गोळ्या. पावलं बधिर झालीत. फरशीवर चालते, पण जाड गादीवर चालल्यासारखं वाटतं. बोटांनाही मुंग्या येतात, म्हणून अक्षर असं वाकडं आहे. वॉर्डातली सिस्टर म्हणते, हे औषधाने होतं, बहुतेकांचं हळूहळू जातं. बहुतेकांचं.

याच सिस्टरला मी आपलं भांडण सांगितलं. मोठ्या बहिणीला गाडी शिकवायला घेतलं, शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो मी भर चौकात तिच्याआधी दाबला, आणि ती दार उघडून जी उतरली ती आजतागायत. सिस्टरला वाटलं मी थट्टा करतेय.

तू येऊ नकोस. माझ्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात, साधी सर्दीही महागात पडेल. तुझ्या वसतिगृहात कायम कोणीतरी शिंकत असतं, आणि रेक्टरबाई म्हणून तू त्या प्रत्येकीच्या कपाळाला हात लावून येणार. लिही मात्र. भीती वाटते गं. नवऱ्याला सांगितलं तर तो अजून घाबरेल, म्हणून तुला सांगतेय.

तुझी
चिंगी


१७ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं. ‘मूर्ख मुली, आधी का नाही कळवलंस’ एवढं पहिलं वाक्य वाचूनच बरं वाटलं. बाकीचं पुरवून पुरवून वाचलं.

विचारलंस म्हणून लिहिते. केस गेले. उशीवर पुंजके दिसायला लागल्यावर यानेच मशीन फिरवलं. चष्म्याच्या काचा घासणारा माणूस, हात हलका आहे, कुठे ओरखडा उठला नाही. चेहरा मात्र फुगलाय. ते स्टेरॉइडच्या गोळ्यांनी होतं. आणि भूक! तोंडात काही ठेववत नाही आणि पोटात नुसती आग. गार दूध, पातळ सूप, कुस्करलेलं केळं, दिवसभर काही ना काही चालू असतं. त्या सगळ्याला एकच चव, नाणं चघळल्यासारखी.

झोप अजिबात नाही. थकलेली असते, पण आत कोणीतरी इंजिन चालू ठेवून निघून गेल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. दाराजवळच्या खुंटीला गाडीची किल्ली असायची. ती नाही. विचारलं तर (पाटीवर लिहून विचारलं, सध्या घरात पाटी-पेन्सिल चालते) म्हणाला, ठेवलीय नीट. कुठे, ते नाही सांगितलं.

दुसरं म्हणजे तो गॅलरीत जाऊन, काचेचं दार ओढून फोनवर बोलतो. तुला माहीत आहे, हा माणूस दूधवाल्याशी बोलायचं तरी आधी खाकरतो. त्या फोनवर खाकरत नाही. हळू आवाजात, भरभर बोलतो, आणि मधे मधे काचेतून माझ्याकडे बघतो. मी बघितलं की पाठ फिरवतो.

काही नसेलही. तू त्याला काही विचारू नकोस.

चिंगी


२३ ऑगस्ट

ताई,

हे पत्र मी रिव्हर्सकाकूंच्या हाती देतेय, त्याच्या नाही. रिव्हर्सकाकू म्हणजे माझ्या एक शिकाऊ. साठीच्या आहेत, गाडी मागे घ्यायला सांगा, सुईत दोरा ओवावा तशी घेतील, पुढे न्यायची म्हटलं की हात कापतात. तळमजल्यावर असल्याचा हा एक फायदा, त्या खिडकीबाहेर उभ्या राहून मला बघून जातात. आत येत नाहीत.

त्या आज काय म्हणाल्या ते सांगते, म्हणजे तुला वाटणार नाही की मी मनाचं लिहितेय. म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता.” मी खुणेने विचारलं, काय म्हणाला? त्या जरा गडबडल्या. मग म्हणाल्या, “तुला सांगू नका म्हणालेत गं.” आणि विषय बदलला.

आता बोल.

तो सगळं उकळतो. माझी ताटवाटी, चमचा, पेला. माझं वेगळं, त्याचं वेगळं. मला आधी वाटलं जंतूंसाठी असेल. पण मग माझ्याच पेल्यातल्या पाण्याला ती चव का? काल मी त्याच्या पेल्यातलं प्यायले, त्यालाही तीच होती, म्हणजे त्याला कळलंय की मी पेले बदलते. वॉर्डात तो आणि सिस्टर एकमेकांकडे बघतात आणि मान हलवतात. डॉक्टरीणबाई त्याला बाहेर बोलावून घेतात. त्यांचं ठरलंय, ताई. काय ते मला कळत नाही, पण ठरलंय. मी बरी होणार नाही हे त्यांना माहीत आहे आणि हे सगळं लवकर उरकावं असं त्यांच्या मनात आहे.

तो दाराआड उभा राहतो. मला त्याचा श्वास ऐकू येतो. उठून बघितलं की तो बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असतो, इतक्या पटकन.

वीस वर्षं ज्याच्याशेजारी झोपले त्याच्याकडे मी आता पाठ करत नाही. भिंतीला पाठ लावून बसते.

म्हणून मी गोळ्या बंद केल्यात. तो समोर उभा राहून देतो, मी गालात धरते (त्या फोडांवर गोळी विरघळायला लागली की काय होतं ते विचारू नकोस) आणि तो वळला की काढून जुन्या स्वेटरच्या खिशात टाकते. चार दिवस झाले. त्याला पत्ता नाही.

तू त्याला सांगणार नाहीस. माझ्या बाजूचं आता तुझ्याशिवाय कोणी नाही.


३० ऑगस्ट

ताई,

दवाखान्यातून लिहितेय. तुझ्यावर रागावून झालं, आता नीट सांगते. तुला याच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं असेल, माझ्याकडून सलग ऐक.

परवाच्या सकाळी तो गॅलरीत फोनवर होता. काच पूर्ण लागली नव्हती. मला एवढंच ऐकू आलं, “हो ताई. नाही, मला माहीतच नव्हतं. किती दिवस?” तू मला विकलंस असं वाटलं, अगदी याच शब्दांत. माझ्या बाजूचं जे एक माणूस होतं तेही त्याला जाऊन मिळालं होतं.

गाडीची जादा किल्ली मी चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत ठेवलेली असते, ती त्याच्या लक्षात नव्हती. डबी घेतली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. त्याच्यापासून लांब, एवढंच.

दिवसाकाठी चार वेळा तरी मी लोकांना सांगते, पायाकडे बघू नका, पेडल पायाला कळलं पाहिजे. गाडी फाटकाबाहेर काढली तेव्हाच समजलं की मला काही कळत नाहीये. पाय कशावर आहे हे बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. तरी मी थांबले नाही. मागे वळून बघितलं तर तो फाटकातून पळत येत होता, म्हणून अजून वेग घेतला.

कोपऱ्यावरचा सिग्नल लाल झाला. समोरून एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक दाबला. दाबला असं मला वाटलं. गाडी जात राहिली. खाली बघितलं तर माझा पाय ब्रेकच्या शेजारी होता, नुसत्या पायपुसण्यावर, आणि मी जीव खाऊन ते पायपुसणं दाबत होते.

हँडब्रेक ओढला. चाकं ओरडली, गाडी फिरली, फूटपाथवर चढली आणि दिव्याच्या खांबाला टेकून थांबली. कोणाला लागलं नाही. ते गृहस्थ तिथेच उभे होते, कुत्रा भुंकत होता. त्यांनी मला शिव्या द्यायला तोंड उघडलं, माझं टक्कल आणि फुगलेला चेहरा बघितला, आणि तोंड मिटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो पोहोचला. शेजारच्या सीटवर येऊन बसला. मी दाराला चिकटले. तोंड उघडायचं म्हणजे फोडांना टाचण्या लागल्यासारखं, पण पाटी घरी राहिली होती.

तरी मी म्हणाले, “मला तुझी भीती वाटते.”

त्याला धाप लागली होती. म्हणाला, “मला पण तुझी वाटते. दवाखान्यात जाऊ.”

“मला तिथे सोडून येशील.”

“नाही येणार. तिथेच बसेन.”

मला ते खरं वाटलं नाही, ताई. पण उतरून पळायला गेले तर पाय उभेच राहिनात. सगळं पांढरं झालं आणि पुढचं आठवत नाही.

इथे कळलं की रक्तदाब एकदम खाली गेला होता. त्या स्टेरॉइडच्या गोळ्या इतके आठवडे घेतल्यावर अचानक तोडायच्या नसतात, शरीर कोसळतं. अजून एक-दोन दिवस गेले असते तर वाचले नसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तू फोन केला नसतास तर याने मला इथे आणून नुसतं ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगितलं असतं, आणि मी तरी कुठे खरं सांगणार होते.

त्यांनी एक वेगळीच गोष्ट सांगितली. म्हणाल्या, हे स्टेरॉइड काहीजणांच्या डोक्यावर चढतं. झोप उडते, संशय येतो, जवळच्याच माणसांची दहशत बसते. आधी सांगायला हवं होतं, सांगितलंही होतं, पण त्या दिवशी तुम्ही दुसरं काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतात. मी कागदावर लिहून विचारलं, मग माझी कुठली भीती खरी आणि कुठली गोळीची, हे मला कसं ओळखता येणार? त्या म्हणाल्या, “त्या दिवसांत नाहीच येणार. म्हणून जवळचं माणूस लागतं.”

जवळच्या माणसाचीच तर भीती वाटते, मी लिहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या, “तेच अवघड आहे.”

चिंगी


५ सप्टेंबर

ताई,

घरी आले. गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, झोपेसाठी आणि डोकं शांत राहायला दुसरी एक सुरू आहे. काल सलग झोपले. जाग आली तर तो शेजारी घोरत होता आणि मला त्याचा फक्त राग आला, नेहमीसारखा. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

दवाखान्यात तू फोन केलास, तो दिवस मी विसरणार नाही. मला बोलता येत नाही म्हटल्यावर तू म्हणालीस, “तू फोनवर बोट आपट. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. बाकी मी बोलते.” आणि पाऊण तास बोललीस. कुठल्या मुलीने गच्चीत चूल मांडली, कोणाच्या बापाने येऊन कसा गोंधळ घातला, गॅसचा नवा माणूस कसा तोतरा आहे. मधेच एकदम आवाज बदलून विचारलंस, “चिंगे, मी त्याला सांगितलं म्हणून रागावलीस?” मी एकदा आपटलं. मी पुन्हा दोनदा आपटलं, पण तोवर तू रडत होतीस, तुला ऐकू गेलं नसेल. म्हणून इथे लिहिते. दोनदा.

त्या फोनांचं कोडं सुटलं. तो माझ्या एकेका शिकाऊला फोन करून सांगत होता की यापुढे त्यांनी दुसऱ्या मास्तरांकडे जावं. मला कळलं तर मी भांडेन म्हणून गॅलरीत. किल्ली लपवली कारण माझी पावलं कशी पडतात ते त्याने बघितलं होतं, मी बघितलं नव्हतं. मला विचारायला हवं होतं, हा माझा राग मात्र गोळीचा नाही. तपासून बघितला, खरा आहे.

स्वेटरच्या खिशातल्या गोळ्या त्याला सापडल्या. बशीत काढून ठेवल्या होत्या, ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. आत जाऊन नळ सोडून उभा राहिला, पण भांडी घासल्याचा आवाज येत नव्हता.

तपासणीचा रिपोर्ट आला. रक्तातला आजार बराच मागे हटलाय. पण इथे थांबायचं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबलं तर तो परत येतो आणि मग ऐकत नाही. पुढच्या फेऱ्या आहेत. पुढच्या फेरीत स्टेरॉइड परत आहे. दिवस थोडे, पण मात्रा जड.

मी विचारलं, त्याशिवाय नाही का चालणार? त्यांनी मात्रा थोडी कमी करून बघू म्हटलं, सकाळीच द्यायची म्हटलं, जोडीला ती शांत करणारी गोळीही. पूर्ण सोडता येणार नाही.

कॅन्सरची भीती वाटते ती मला समजते. सुईची, तापाची, पेशी कमी होण्याची, सगळी समजते. पण ज्यात मला हे कळणारच नाही की मी घाबरलेय, मला वाटेल की फक्त मलाच खरं दिसतंय, त्याला कसं तोंड द्यायचं? दार वाजलं की मी अजून दचकते. आणि दचकले की लगेच स्वतःला तपासते, ही कुठली?

चिंगी


१३ सप्टेंबर

ताई,

उद्या भरती व्हायचंय. आज डोकं ठिकाणावर आहे, तेव्हा नीट लिहून ठेवते, आणि तूही नीट वाच.

या फेरीत मी तुला पत्र लिहीन. त्यात कदाचित लिहीन की त्याने गोळ्या बदलल्यात, तो मला मारायला टपलाय, सिस्टर त्याला सामील आहे. फार खात्रीने लिहीन. कारणं देईन, आणि ती पटण्यासारखी असतील. मागची पत्रं काढून वाच, मला स्वतःला अजून पटतात.

त्या दिवसांत माझं ऐकू नकोस.

पण वेडी आहेस असंही म्हणू नकोस. म्हणालीस तर मी तुलाही लिहायचं बंद करेन. ‘असं काही नाहीये गं’ हे तर अजिबात नको, ते तो म्हणतो, आणि ते ऐकलं की माझा संशय पक्का होतो. तू फक्त रोज सकाळी फोन कर आणि विचार, गोळी गिळलीस का. मी खोटं बोलले तर तुला कळेल. लहानपणापासून कळतंय.

त्याच्याशीही बोलणं झालंय. आम्ही दोघं टेबलापाशी बसलो, एखादा व्यवहार ठरवावा तसं. मी म्हणाले, मी तुझ्याबद्दल काहीही बोलेन, तू मनाला लावून घेऊ नकोस. तो खाकरला. म्हणाला, “लावून घेईन. पण जाणार नाही.” मग म्हणाला की फोन तो खोलीतच करेल, माझ्यासमोर, आणि गोळी घेतल्यावर मी तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. मला अपमान वाटला. तरी हो म्हटलं.

तू यायचं म्हणतेस, अजून नको. पेशी परत खाली जाणार आहेत. मी सांगेन तेव्हा ये. आणि मी त्या दिवसांत सांगितलं की ये, मला इथून घेऊन जा, तर येऊ नकोस. खरोखरच मी तुला बोलावत असले आणि तू आली नाहीस, तर? हा प्रश्न मी आज पूर्ण शुद्धीवर असताना विचारतेय. तरीही येऊ नकोस.

तुझी
चिंगी


१७ सप्टेंबर

ताई,

फोनवर बोलले नाही कारण तो खोलीत होता. सिस्टरही होती.

आजच्या गोळ्यांचा रंग वेगळा आहे. कालच्या पांढऱ्या होत्या, या पिवळट आहेत. तो म्हणतो त्याच आहेत, उजेडाने तसं वाटतं. पाकीट दाखवलं, पण पाकीट आधीच फाडलेलं होतं. तू म्हणशील मी आधीच लिहून ठेवलं होतं की असं होईल. ते मला आठवतं. मागच्या वेळी चूक झाली असेल, ते मी मान्य करते. म्हणून या वेळीही चूकच असेल असं थोडंच आहे.

तो रात्रभर खुर्चीत बसून होता. काळजीने बसला होता की पहारा देत होता, मला सांगता येत नाही. मी त्याच्या हातांकडे बघत राहिले.

सकाळी गोळ्या तळहातावर घेतल्या आणि तुझा फोन आला. तू विचारलंस, गिळलीस का. तुझा आवाजही मला बदललेला वाटला. तरी तू पुन्हा विचारलंस, तेवढंच, दुसरं काही नाही. तू फोन ठेवत नव्हतीस.

त्याने पेला पुढे केला. पाण्याला तीच चव होती. माझी खात्री आहे की तो माझ्यापासून काहीतरी लपवतोय, हे लिहिताना सुद्धा आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याचाही मला भरवसा वाटला नाही.

गोळ्या गिळल्या. सगळ्या. मग त्याच्यासमोर तोंड उघडलं आणि जीभ वर केली.